सुक्या वहाळावरची वाट

मुक्काम जव्हार,
ता. ९ डिसेंबर १९१२

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं खुशाल आहोत. जानकीचा ताप उतरून आठवडा झाला, तोंडाला चव आली आहे. वहिनींनी पाठवलेली मेतकुटाची पुडी पोचली आणि संपलीही. तुमचा गुडघा कसा आहे? नाशकाच्या थंडीत तो त्रास देत असणार. पहाटे गोदेवर जाणं थोडे दिवस सोडलंत तर बरं, पण तुम्ही ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे.

तुम्ही विचारलंत, या डोंगरातल्या संस्थानात ओव्हरसियरला काम ते काय असणार. मलाही आल्यावर तसंच वाटलं होतं. पण पंधरा दिवसांपूर्वी जे पाहिलं, त्यानंतर झोपेतही कामच दिसतं.

मोखाड्याकडून गावात येणारा रस्ता डोंगराच्या कडेला कोरलेला आहे. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला उतार, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी जागा. बाजाराच्या दिवशी पोशेऱ्याकडच्या, सूर्यमाळेकडच्या बायका डोक्यावर लाकडाचे भारे, हिरड्याच्या पाट्या घेऊन त्याच रस्त्याने येतात. रुपी नावाची एक पोरसवदा बाई माझ्या पुढे चालत होती. वरून सागाच्या ओंडक्यांची गाडी आली. रुपी दरडीला चिकटून उभी राहिली, पण भारा आडवा, अंग चोरून तरी किती चोरणार? चाक तिच्या उजव्या पावलावरून गेलं. ती ओरडली नाही. आधी भारा नीट खाली टाकला आणि मग बसली.

गाडीवानाला मी रागावलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, रस्ता गाडीचाच हाय. आम्ही जायचं कुठून?"

त्याचं खरं होतं. तो रस्ता गाडीसाठीच आखलेला होता. पुढच्या बाजाराला मी सकाळपासून नाक्यावर बसून मोजदाद केली. गाड्या एकोणीस. पायी माणसं चारशे बारा. एकोणिसांसाठी रस्ता आहे, चारशे बारांसाठी नाही.

म्हणून मी पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आखतो आहे. गाडीरस्त्याच्या खाली, नदीच्या अंगाने, अर्धा कोस. एकही झाड तोडायचं नाही, जांभूळ आणि करंज असतील तशी वाट वळवायची, म्हणजे दुपारीही सावली राहील. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला पायाखालचं दिसत नाही, म्हणून पायरी पाच इंचांहून उंच नको आणि रुंदीला चांगली दीड फूट हवी. मी बायकांच्या मागे मागे चालून त्यांचं पाऊल मोजलं. त्या हसत होत्या. आणखी एक सुचलं. भारा एकदा खाली टाकला की दुसऱ्या कुणी हात दिल्याशिवाय परत डोक्यावर चढत नाही. म्हणून वाटेवर जागोजाग खांद्याएवढ्या उंचीचे दगडी कट्टे बांधायचे. एकटीने आलेली बाईसुद्धा त्यावर भारा टेकवील, दम खाईल आणि मान घालून परत उचलील.

वाटेच्या मध्यावर नदी वळण घेते. त्या वळणाच्या कुशीत अर्ध्या एकराचं सपाट पटांगण आहे, मऊ गवताचं, चहूकडे कोवळी झाडं. तिथे पायऱ्या, बसायला ओटे आणि एक कौलारू छप्पर करून माणसांना विसावा करायचा असं मनात आहे. असं ठिकाण मी पुण्यातही पाहिलं नाही. नवल म्हणजे तिथे कुणी जात नाही. ढोरंसुद्धा चरायला सोडत नाहीत. झाडंही सगळी एका वयाची, एकही म्हातारं झाड नाही.

रुपीची सासू गौराबाई तिथे मला भेटली. मी आखणीच्या खुंट्या ठोकत होतो. ती वरच्या अंगाला उभी राहून म्हणाली, "साहेब, ती जागा नको घेव. तो नयचा हातरून हाय."

मी विचारलं, नदीचं अंथरूण म्हणजे काय.

ती म्हणाली, "आता ती निजलीय. उठली म्हंजे आंग टाकाया जागा नको काय तिला?"

अशी ही माणसं. भाषा मात्र किती गोड. तुम्ही कालव्यावर वीस वर्षं काढलीत, तुमचं मत कळवा. नकाशाची नक्कल सोबत आहे.

तुमचा,
गोवर्धन


मुक्काम जव्हार,
ता. २ फेब्रुवारी १९१३

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. उत्तराला उशीर झाला त्याची क्षमा असावी. कामाला दरबारची मंजुरी आली आणि मग श्वास घ्यायला सवड नाही. बाबल्या मुकादमाच्या हाताखाली साठ माणसं आहेत. बरीचशी साखरशेतची, भात-नाचणीची कामं उरकून आलेली.

वहिनींना सांगा, जानकीला इथलं पाणी मानवलं. रुपीचं पाऊल भरून आलं, पण बोटं वाकडी राहिली, लंगडते. जानकीने तिला घरी बोलावून शिवण शिकवायला घेतलं आहे. दोघींची भाषा एकमेकींना पुरती कळत नाही, तरी दिवसभर बोलत असतात.

तुम्ही विचारता की पटांगणाच्या मागे, डोंगराच्या पायाशी, नकाशात जी रेघ दिसते ती कशाची. तो सुका वहाळ आहे. नदीच्या वळणाच्या वरच्या टोकाशी फुटतो आणि खालच्या टोकाशी परत मिळतो. पटांगण नदी आणि वहाळ यांच्या मध्ये आहे. मी आल्यापासून त्यात पाणी पाहिलेलं नाही. गावाकडे जाणारी वाट त्याच्यावरून न्यायची, तर माणसांना बारा फूट उतरून पुन्हा चढावं लागलं असतं. ओझ्यासकट ते जड जातं. म्हणून मी तिथे मातीचा भराव टाकून वाट सपाट नेली आहे, साठेक पावलं लांब. खालून पाणी जायला एक मोरी ठेवली आहे.

मोरी किती रुंद, असं विचारलंत. पुरेशी आहे.

एकाच वयाची झाडं म्हणजे कधीतरी सगळी जमीन एकदम धुऊन गेली असणार, हे तुमचं म्हणणं समजलं. पण वणव्यानेही तसं होतं. या डोंगरात वणवे फार. आणि जुन्या पुराची खूण शोधून ती नकाशात मांड असं जे लिहिलंत, त्याबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन. आज टपाल निघायच्या घाईत आहे.

तुमचा,
गोवर्धन


मुक्काम जव्हार,
ता. १९ ऑक्टोबर १९१३

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. पावसाळा सरला. वाट उन्हाळ्याअखेर खुली झाली होती, पण मुद्दाम पाऊस बघून मगच लिहायचं ठरवलं होतं. नदी आली, गेली. पटांगणाच्या खालच्या तीन पायऱ्या बुडाल्या, चौथी कोरडी राहिली. सुक्या वहाळात घोट्याएवढं पाणी आलं ते मोरीतून मुकाट्याने निघून गेलं. तुमची काळजी आता मिटावी.

तुम्ही इथे येऊन एकदा पाहावंत. बाजाराच्या दिवशी गाडीरस्त्यावर आता फक्त गाड्या. माणसं सगळी खालच्या वाटेने येतात. सावलीने गप्पा मारत येतात, कट्ट्यांवर भारे टेकवतात. ज्या पटांगणात कुणी फिरकत नव्हतं तिथे दुपारी शंभर माणसं बसलेली असतात. कुणी भाकर खातंय, कुणी वेणी घालतंय. तान्ह्या पोरांना झोळ्या बांधायला छपराला कड्या लावून दिल्या. गावातली कुटुंबंही संध्याकाळची येऊ लागली आहेत. सुरुवातीला डोंगरातल्या बायका उभ्या राहायच्या, खाली टेकायच्या नाहीत. मी स्वतः बसून दाखवलं. मग बसू लागल्या. आता उठवावं लागतं.

गौराबाई मात्र येत नाही. ती म्हातारी अजून वरच्या गाडीरस्त्याने, गाड्यांच्या धुळीतून जाते. सून खालून, सासू वरून.

राखणीला ढवळू म्हणून एक माणूस ठेवला आहे, आखणीला माझ्या हाताखाली होता तोच. वय पन्नाशीच्या पुढे, कमी बोलणारा, कामात चोख. त्याची एकच खोड आहे. पावसाळाभर तो पटांगणात बसला नाही, भरावावर उभा असायचा, तोंड नदीकडे. मी विचारलं, काय पाहतोस रे. म्हणाला, "पानी नाय बघत साहेब. वास बघतो." पाणी चढायच्या आधी म्हणे चिखलाचा वास बदलतो.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण लिहितो. मधूनमधून पटांगणात एकटा असलो की मला अकारण घाईने वर यावंसं वाटतं. काही कारण नसतं. ऊन असतं, पाखरं असतात. गेल्या आठवड्यात तर ओट्यावर टोपी तशीच विसरून वर आलो. अपचन असेल.

पुढल्या खेपेला जुन्या पुराबद्दल लिहितो. तो विषय राहूनच जातो.

तुमचा,
गोवर्धन


मुक्काम जव्हार,
ता. १७ जुलै १९१४

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. तुमच्या कानावर बातमी गेली असेल, म्हणून त्वरेने लिहितो. आम्ही दोघं सुखरूप आहोत.

परवाच्या मंगळवारी, ऐन दुपारी, बाजाराच्या वेळेला नदीला अचानक पूर आला. गावात पाऊस नव्हता, ऊन होतं. सूर्यमाळेच्या डोंगरात सकाळपासून कोसळत होतं म्हणतात. वहाळावरचा भराव मधोमध फुटला. पाच माणसं गेली. बाकीची छपरावर आणि झाडांवर चढली म्हणून वाचली.

राखणदार ढवळू पुराच्या थोडं आधी कुदळीने भराव खणताना लोकांनी वरच्या रस्त्यावरून पाहिला. गावात लोक फार चिडलेले आहेत, त्यानेच बांध फोडून माणसं बुडवली म्हणतात. त्याला काही होऊ नये म्हणून चौकीत ठेवलं आहे. विचारलं तर तो एवढंच सांगतो, "होय, मी खनत होतो." चौकशीला एक जाणते गृहस्थ नेमले आहेत. माझी जबानी अजून व्हायची आहे.

जानकी बरी आहे. बोलत नाही फारशी.

गोवर्धन


मुक्काम जव्हार,
ता. २८ जुलै १९१४

तीर्थस्वरूप दादा,

मागचं पत्र फाडून टाका. त्यात खोटं काही नव्हतं, पण ते पत्र खोटं होतं.

तुम्ही उलट टपालाने एकच ओळ लिहून पाठवलीत, "गोवर्धन, खूण कुठे होती?" आज उत्तर देतो. दीड वर्ष उशिरा.

खूण होती. आखणीच्या वेळी पटांगणाच्या बाहेर, वरच्या अंगाला एक जुना उंबर लागला. त्याच्या बेचक्यात सागाचा सबंध ओंडका अडकलेला होता, पटांगणापासून चौदा फूट उंचीवर. ते पाण्याशिवाय दुसऱ्या कुणाचं काम नव्हतं. खड्डा घेऊन पाहिला तर गवताखाली हातभर माती आणि तिच्याखाली नदीची धुतलेली वाळू. गौराबाईने वर्षही सांगितलं होतं. ती नवी नवरी होती तेव्हा नदी वहाळातून गेली आणि पटांगणावरचं रान मुळासकट घेऊन गेली. हे सगळं मी वहीत लिहिलं, पुराची रेघ शिसपेन्सिलीने नकाशावर काढली. ती पटांगणावरून, छपरावरून, भरावावरून जात होती. दोन दिवस तो नकाशा समोर ठेवून बसलो आणि मग रबराने रेघ पुसली. तुम्हाला जी नक्कल पाठवली ती त्यानंतरची.

मला कुणी पुसायला सांगितलं नव्हतं, कुणाची घाई नव्हती. रेघ ठेवली असती तर वाट वर न्यावी लागली असती, उन्हाची, चढाची, आणि विसावा झालाच नसता. मला ती जागा आवडली होती. चारशे माणसं तिथे बसलेली मला मनात दिसत होती. त्यांच्यासाठी करतो आहे असं म्हणत होतो, आणि ते खोटंही नव्हतं, म्हणूनच ते इतकं सोपं गेलं. मोरी दोन फूट रुंद होती, दादा. दोन फूट.

आता मंगळवारचं सांगतो.

मी आणि जानकी गावातून खाली निघालो होतो. ऊन चांगलं पडलं होतं. भरावाच्या गावाकडच्या टोकाशी पोचलो तर तिथे बायका भारे, पाट्या घेऊन उभ्या, तीस-पस्तीस असतील. पटांगण रिकामं. ढवळूने ओरडून, हाताला धरून सगळ्यांना उठवून अलीकडे आणलं होतं. आणि तो भरावात कुदळ घालत होता.

मी विचारलं, हे काय चालवलंयस.

"वास बदलला साहेब. वहाल मोकला करतो. पानी येल तर जाया वाट नाय त्याला."

मी म्हटलं, शुद्धीवर आहेस का, पाऊस कुठे आहे?

"हिथं नाय. वर हाय. तुमाला ठावं हाय साहेब, तुमी उंबर बघितलाय."

सगळ्यांच्या देखत तो हे बोलला. उंबरावर चढलो तेव्हा शिडी धरायला माझ्याबरोबर तोच होता, आणि त्यानेच ते बोललेलं मला सोसलं नाही. मी त्याच्या हातातली कुदळ हिसकावून घेतली आणि त्याच्या तोंडात चपराक मारली. आजवर मी कुणा माणसावर हात उगारला नव्हता. मग बायकांकडे वळून म्हणालो, उन्हात का उभ्या आहात, जा, विसाव्याला बसा, काही होत नाही.

त्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग गेल्या. मी साहेब होतो, आणि तिथे बसायला मीच शिकवलं होतं. रुपी शेवटी गेली, लंगडत. जानकीला म्हणाली, "तुमी या मांगून, मी जागा धरते."

अर्धा तासही झाला नसेल. आधी आवाज आला, खडी वाहणाऱ्या गाड्यांसारखा, आणि डोंगराच्या आतून आल्यासारखा. मग वहाळाच्या वरच्या तोंडातून पाणी शिरलं, तांबडं, त्यात झाडं उभीच्या उभी. माझी दोन फुटांची मोरी तेव्हाच तुंबली. भरावाआड पाणी चढू लागलं आणि पटांगण दोन्ही अंगांनी वेढलं गेलं. मोखाड्याकडची वाट वहाळाच्या तोंडाशीच बुडाली, बाहेर यायला उरली ती एकच, भरावावरची. चपळ होत्या त्या धावत अलीकडे आल्या. काही जणी छपराकडे वळल्या. जे मागे होते ते भरावाच्या मध्यावर असताना भराव त्यांच्या पायाखालून गेला.

रुपी. लाडकी. जिजा. फागी. आणि लाडकीचा म्हातारा सासरा, माघ्या, जो सुनेचा हात सोडवून परत मागे वळला होता, का ते कुणालाच कळलं नाही.

मागच्या पत्रात मी पाच माणसं एवढंच लिहिलं होतं.

जानकीने सगळं माझ्या पाठीमागे उभं राहून पाहिलं. घरी आल्यावर तिने रुपीचं अर्धवट शिवण उशाशी घेतलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. तीन दिवस मी स्वतःला सांगत होतो की ढवळूने खाच पाडली, ती खाच पाडल्यानेच भराव कमकुवत झाला. चौथ्या दिवशी मोजायला गेलो. तोवर पाणी उतरलं होतं. फूट पडली ती मोरीपाशी. ढवळूची खाच तिथून बावीस पावलं इकडे, भरावाच्या उभ्या राहिलेल्या तुकड्यात, जशीच्या तशी, हातभर खोल. तिच्यातून एक थेंब गेला नव्हता. त्याचं खणणं पुरं झालं असतं तर पाणी वहाळाने सरळ निघून गेलं असतं, आणि बायका तर आधीच अलीकडे उभ्या होत्या.

बाबल्या मुकादम शेजारी उभा होता. त्याच्या लक्षात आलं. हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, उरलेला भराव तसाही धोक्याचा. माणसं लावून आजच सपाट करून टाकू का? मग खाच कुठं होती नि फूट कुठं, कोण सांगणार?" तो मला वाचवत होता. वाईट माणूस नाही तो. मी नाही म्हटलं नाही. उद्या बघू म्हणालो.

घरी आलो आणि काय वाटलं कोण जाणे, जानकीला ते सांगितलं. तिने शिवण खाली ठेवलं.

"त्या बायका बोलायच्या नाहीत," ती म्हणाली. "त्यांना कुणी विचारायचं नाही. तो ढवळूही तुमचं नाव घेत नाही. म्हणजे तुम्ही सुटलात."

मी चिखलाच्या वहाणा काढू लागलो.

"उद्या चौकशीवाले येतील तेव्हा तुम्ही सांगणार की मी सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गृहस्थांना घेऊन भरावावर गेलो. खाच दाखवली, फूट दाखवली, मधली बावीस पावलं त्यांनाच चालायला लावली. उंबर दाखवला. वही दिली. नकाशा उजेडात तिरपा धरला की पुसलेल्या रेघेचा चर कागदावर दिसतो, तोही दाखवला. कुदळ कुणी हिसकावली आणि बायकांना परत कुणी बसवलं हे त्यांनी विचारलं नव्हतं, मीच सांगितलं. ते बराच वेळ लिहीत होते. मग टाक पुसत म्हणाले, "सही करण्याआधी एकदा वाचून घ्या." मी न वाचता केली.

ढवळू त्याच संध्याकाळी सुटला. माझं काय व्हायचं ते ठरायचं आहे. काम काढून घेतलं आहे, ते योग्यच झालं.

मी त्याच्या पाड्यावर गेलो. त्याची बायको ठकी दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. ढवळू अंगणात बसला होता. मी पायांना हात लावायला वाकलो तर त्याने पाय मागे घेतले. मी विचारलं, माझं नाव का घेतलं नाहीस?

तो म्हणाला, "घेतला असता तर मानला असता कोनी?"

मी परत फिरलो. निघताना गौराबाई वाटेत भेटली. ती रडली नाही, शापही दिला नाही. माझ्याकडे पाहिलं आणि वाट सोडून कडेला उभी राहिली, साहेबाला वाट द्यायची म्हणून. ते मी जन्मभर विसरणार नाही.

दादा, एवढ्यावर हे संपलं असतं तर मी तुमच्याकडे आलो असतो. पण संपलेलं नाही. फुटीत दोन मोठी झाडं आणि दगड अडकून बसले आहेत, वहाळाचं तोंड पुन्हा तुंबलं आहे. आश्लेषा, मघांचा पाऊस अजून बाकी आहे. आणि माणसं अजून खालच्याच वाटेने येतात. दोरी बांधली, काटे टाकले, ते बाजूला सारून, वहाळात उतरून-चढून येतात. वरच्या रस्त्याला ऊन लागतं, गाड्या अंगावर येतात, म्हणतात. मागच्या बाजाराला मी वाटेच्या तोंडाशी उभा राहून एकेकीला परत फिरवत होतो. सरू म्हणून एक बाई आहे, छपरावर चढून वाचलेली. ती सुद्धा आली होती. मी म्हटलं, बाई, तू कशी येतेस गं इथे? ती म्हणाली, "सवय झाली साहेब." माणसांना वाट लावणं मला शिकवलं होतं. लावलेली वाट मोडायची कशी, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

म्हणून आता वहाळ मोकळा करणं एवढंच हातात आहे. दरबारकडून माणसं यायला चार-सहा दिवस लागतील. तोवर मी सकाळपासून खाली असतो. बाबल्या येतो, साखरशेतचे दोघे येतात. काल न बोलावता ढवळूही आला. माझ्यापासून लांब, पलीकडच्या टोकाला खणत होता.

आज बाजार आहे. गावावर लख्ख ऊन आहे आणि सूर्यमाळेच्या अंगाला पहाटेपासून काळं धरलेलं आहे. आत्ताच ढवळूचा निरोप आला, लवकर या. का, ते सांगितलेलं नाही. जानकीला दार लावून वर, देवळापाशी जाऊन बसायला सांगितलं आहे. हे पत्र टपालात टाकायचं तिच्याच हाती देतो.

वहिनींना नमस्कार. तुमच्या प्रश्नाचं उत्तर वेळेवर दिलं नाही, त्याची क्षमा मागत नाही. ती तुम्ही द्यायची नाही.

उत्तर लिहाल ते जानकीच्या नावावर पाठवा.

गोवर्धन